चार डब्यांची भिंत

आमच्या घरमालकांच्या अंगणात कचऱ्याचे डबे कधीच जागेवर नसत.

जर्मनीत आलेला मराठी माणूस कचऱ्याला जेवढा भितो तेवढा पोलिसालाही भीत नाही. कुठला कागद निळ्या डब्यात, कुठली साल तपकिरी डब्यात, दह्याच्या डबीचं झाकण वेगळं काढायचं की तसंच टाकायचं, यावरून आमच्याकडे नवरा-बायकोची अबोल्यापर्यंत भांडणं झालेली आहेत. त्यामुळे एर्लांगेनजवळच्या त्या गावात आम्ही राहायला गेलो आणि काळा, निळा, पिवळा, तपकिरी असे चारही डबे अंगणाच्या मधोमध खांद्याला खांदा लावून उभे दिसले, तेव्हा मला वाटलं, कचऱ्याची गाडी येऊन गेली आणि डबे आत घ्यायचे राहिले. आपण नवे भाडेकरू, छाप चांगली पडावी, म्हणून मी ते ओढत नेऊन कुंपणाला लावून ठेवले. संध्याकाळी ऑफिसातून आले तर पुन्हा मधोमध. मी पुन्हा नेले. ते पुन्हा आले. शेवटी शनिवारी सकाळी घरमालक जिना चढून वर आले आणि दारात उभं राहून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "फ्राउ इंजिनिअर, तुम्ही रोज माझी भिंत पाडता."

मग त्यांनी मला खाली नेलं आणि दाखवलं. डब्यांच्या मागे गॅरेजचं पांढरं दार होतं. ते दार म्हणजे गोल. डब्यांच्या पुढे, अंगणाच्या फाटकापाशी, त्यांनी एक जुना फुटबॉल ठेवला. चार पावलं मागे गेले, डाव्या पायाने चेंडू उचलला तो काळ्या डब्याच्या बाजूने बाहेर निघाला, वाटेत त्याला काही आठवलं असावं तसा आत वळला आणि गॅरेजच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यावर जाऊन आदळला. दार गदगदलं. घरमालक डब्यांपाशी गेले, प्रत्येकाच्या झाकणावर थोपटलं आणि मला म्हणाले, "आता कळलं?"

ते मूळचे युक्रेनचे. तरुणपणी तिकडे एका नावाजलेल्या संघात मधल्या फळीत खेळले, आणि सीमा उघडल्या तेव्हा जर्मनीत आले. इथल्या दुसऱ्या दर्जाच्या संघात त्यांनी आपली उरलेली वर्षं काढली. पळण्यात आपण कधीच फारसे नव्हतो, हे तेच सांगत. "मी मैदानात चालायचो. बाकीचे पळायचे, एकमेकांना पाडायचे, शिट्टी वाजायची. मग मला बोलवायचे." म्हणजे फ्री किक मारायला. समोरच्या संघाने आगळीक केली की चेंडू जागेवर ठेवून निवांत मारायला मिळतो, आणि तो अडवायला त्यांचे चार-पाच गडी मधे भिंत करून उभे राहतात. त्या भिंतीवरून किंवा तिच्या बाजूने चेंडू वळवून गोलात घालणं एवढंच आपल्याला येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ते आलं ते असं आलं, की गावातल्या बेकरीत त्यांच्या वयाचे लोक अजूनही त्यांना 'गुटन मॉर्गन' म्हणत नसत. ते हवेत बोटाने एक वळसा काढत. मालक उत्तरादाखल वाकून आपल्या डाव्या बुटाला हात लावत आणि मग पाव मागत.

त्यांना 'मालक' हे नाव माझ्या वडिलांनी दिलं. ते पुढे सांगते.

डावा पाय हा त्यांच्या घरातला स्वतंत्र माणूस होता. त्याला वेगळा, मऊ कातड्याचा बूट असे, उजव्याला काहीही चाले. टीव्ही बघताना डावा पाय स्टुलावर आणि त्यावर शाल. आयुष्यभर त्यांनी क्लचची गाडी चालवली नाही. क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो. "इतकी वर्षं ह्याने मला पोसलं आणि म्हातारपणी ह्याला हमाली लावू?" असं ते विचारत. त्यामुळे जर्मनीसारख्या गाड्यांच्या देशात हा माणूस बसने नाही तर सायकलने फिरे. माझा नवरा समीर ऑटोमोबाइल इंजिनिअर, त्याला हे ऐकून पहिल्यांदा हसू आलं आणि मग तो ऑटोमॅटिक गाड्यांची माहिती द्यायला लागला. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ह्याने बसून नुसतं बघायचं? त्याला वाईट वाटेल."

चेंडू ठेवताना ते त्याचं हवा भरायचं तोंड बरोबर आपल्याकडे येईल असा फिरवत. ही सवय इतकी मुरली होती, की कुठलीही वस्तू ते फिरवल्याशिवाय ठेवतच नसत. किल्ली, पावाचा तुकडा, मिठाची बाटली. आमच्याकडे चहाला आले की कप बशीत फिरवून त्याचा कान आपल्याकडे घ्यायचे, मागे रेलायचे आणि कपाकडे एकटक बघायचे. समीर मला मराठीत हळूच म्हणायचा, "सरक जरा, मारतायत बहुतेक."

हे घर आम्हाला मिळालं कसं, तीही गंमतच. परक्या देशातल्या माणसाला जर्मनीत भाड्याने वोनुंग, म्हणजे राहायला घर, मिळणं म्हणजे काय असतं ते इथे राहिलेल्यालाच कळेल. घर बघायला जिन्यापर्यंत रांग होती. सगळ्यांच्या हातात जाडजूड फायली, समीरच्याही. मालकांनी एकाचीही फाईल उघडली नाही. आमच्यापाशी आले आणि विचारलं, "कुठले?" मी म्हटलं, भारत. "आल्झो, म्हणजे क्रिकेट," असं म्हणून ते पुढे सरकायला लागले. आता समीर पुण्याचा, तो गप्प बसला असता. पण मी कोल्हापूरची. मी म्हटलं, "आमच्या गावात फुटबॉल आहे. पेठेपेठेचा, तालमीतालमीचा संघ आहे. माझे वडील खेळलेत." त्यांचा विश्वास बसेना. मी फोनवर गच्च भरलेल्या मैदानाचा व्हिडिओ काढून दाखवला. माणसं पत्र्यांवर चढलेली, हलगी वाजतेय, आणि खाली लाल मातीत सामना चाललाय. त्यांनी तो उभ्याउभ्या शेवटपर्यंत बघितला, फोन फिरवून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "कधी राहायला येता?"

रविवारी जर्मनीत आवाज करायचा नसतो. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं नाही, आणि गॅरेजच्या दारावर फुटबॉल तर अजिबात मारायचा नाही. शेजारच्या घरात एक आजी राहायच्या. त्या इतर दिवशीही दुपारच्या शांततेच्या वेळी धडाम्‌ आवाज झाला की कुंपणापाशी येऊन मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवत. मालक त्यांना मान द्यायचे. पण रविवार सोडायचा म्हणजे काय? तर रविवारी ते चेंडूशिवाय फ्री किक मारत. फाटकापाशी नसलेला चेंडू ठेवायचा, नसलेलं तोंड आपल्याकडे फिरवायचं, चार पावलं मागे, मग डावा पाय. आणि मग मान उंचावून तो चेंडू कुठे जातो ते बघायचं. कधी समाधानाने डब्यांना थोपटायचे, कधी कपाळाला हात लावायचे. मी एकदा खिडकीतून विचारलं, चेंडूच नाही तर चुकतो कसा? ते म्हणाले, "हो, तेच तर. चेंडू नसताना चूक लपवता येत नाही."

अशा माणसाच्या अंगणात माझे वडील आले.

आई गेली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आबा कोल्हापुरात एकटेच. फाउंड्रीतून निवृत्त झालेला, रोज संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसून पोरांच्या खेळावर तोंडसुख घेणारा माणूस, तो घराबाहेर पडेनासा झाला. शेजारच्या काकू फोनवर सांगायच्या, "डबा पाठवतो गं, पण निम्मा परत येतो." मी जाऊन त्यांना घेऊन आले. व्हिसा तीन महिन्यांचा. इथे आल्यावर त्यांनी काय केलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले. सकाळी बसायचे ते संध्याकाळपर्यंत. काहीही विचारा, उत्तर "हं" नाही तर "नगो". भाकरी केली तरी अर्धी. समीर बिचारा ऑफिसातून आला की त्यांच्यासमोर बसून फुटबॉलच्या मॅचेस लावायचा. "आबा, बघा ना, काय पास दिलाय!" आबा बघायचे आणि म्हणायचे, "बघा तुमी, जावईबापू." एका संध्याकाळी भांडी आवरताना समीर मला म्हणाला, "हे असेच परत गेले तर त्या घरात एकटे राहू नाही शकणार गं." मला तेच वाटत होतं, फक्त मी ते बोलले नव्हते. तीन महिन्यांत या माणसात थोडी धुगधुगी आली नाही तर मला आबाही राहणार नाहीत, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

त्याच वसंतात मालकांच्या देशात लढाई पेटलेली. त्यांचा थोरला भाऊ तिकडेच राहत होता आणि निघायला तयार नव्हता. मालक दिवसभर फोन घेऊन बसलेले असत. चेंडू मारणं त्यांनी बंद केलं. म्हणजे बंदही नाही. रोज सकाळी ते अंगणात येत, डबे ओळीत आहेत ना बघत, चेंडू ठेवत, त्याचं तोंड फिरवत, चार पावलं मागे जात. आणि उभे राहत. मग पुढे येऊन चेंडू उचलत आणि घरात जात.

खिडकीत बसून आबा हे रोज बघत होते. एकदा मी पोहे ढवळत होते तर मागून आवाज आला, "ह्यो मारत का न्हाई?"

इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द. मी गॅस बंद केला, त्यांना सगळं सांगितलं. हा कोण, काय खेळायचा, भाऊ कुठे आहे. आबा म्हणाले, "हं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मालक आले, चेंडू ठेवला, उभे राहिले, उचलला. आबा खुर्चीत चुळबुळ करायला लागले. कुणी चेंडू ठेवून न मारता परत नेतो हे फुटबॉल खेळलेल्या माणसाच्याने बघवेना. आणि मग आला तो शनिवार. मालक पुढे वाकून चेंडू उचलणार, एवढ्यात आबांनी खिडकी ढकलली आणि पेठेतल्या आवाजात ओरडले,

"ओ मालक! ठेवलायसा न्हवं? मग मारा की!"

शेजारच्या आजींच्या पडद्याची कड हलली. मालकांनी वर बघितलं. शब्द त्यांना कळायचं कारण नव्हतं, पण मैदानावर बाहेरून ओरडणारा माणूस जगात सगळीकडे एकच गोष्ट ओरडतो. त्यांनी डब्यांकडे हात केला आणि म्हणाले, "ह्यांच्यावर काय मारू? हे घाबरतच नाहीत."

मी आबांना ते सांगितलं. आबा उठले. मफलर गुंडाळला, कॅनव्हासचे बूट घातले, आणि मी "आबा, कुठे निघालात?" म्हणेपर्यंत कठड्याला धरत जिना उतरले. मला वाटलं भांडायला गेले. मी पोह्यांचं उलथनं हातात तसंच घेऊन खाली धावले. बघते तर आबांनी पिवळा आणि तपकिरी डबा थोडा बाजूला सारून मधे जागा केलेली. चष्मा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि त्या फटीत जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पोटाखाली, एकावर एक, भिंतीतले गडी धरतात तसे.

मालक त्या हातांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "हा खेळलेला आहे."

मी दोघांनाही मराठीत आणि जर्मनमध्ये नको नको म्हणत होते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा बहात्तरीचा माणूस कचऱ्याच्या डब्यांत उभा, आणि समोरून एक निवृत्त खेळाडू त्याच्या तोंडाच्या रोखाने चेंडू मारणार. कोणीही माझं ऐकलं नाही. मालक चार पावलं मागे गेले. कितीतरी आठवड्यांनी तो डावा पाय हलला. चेंडू सरळ आबांच्या कपाळाकडे आला, आणि ऐनवेळी वर उचलला जाऊन त्यांच्या डोक्यावरून गेला. गॅरेजचं दार धडाम्‌ वाजलं.

आबा वाकले होते. चेंडू जाऊन दार वाजून शांत झालं तरी ते गुडघ्यांवर हात टेकून तसेच वाकून उभे होते.

मालकांची एक जुनी रीत होती. खेळायचे तेव्हाही गोल झाला की ते लोकांकडे पळत जात नसत, समोरच्या भिंतीतल्या खेळाडूंशी हात मिळवत. पंचांना वाटायचं हा खिजवतोय, एकदा तर पिवळं कार्डही मिळालं होतं. त्याच सवयीने ते आबांकडे गेले आणि हात पुढे केला. आबांनी तो घेतला नाही. सरळ झाले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. म्हणाले, "सांग त्यास्नी, हात मिळवू नगा म्हणावं. मी वाकणारा गडी हाय."

मग ते सांगायला लागले आणि मी मधे बसून एकेक वाक्य जर्मनमध्ये करायला लागले. पहिला भाग मला पाठ होता, आमच्या घरात तो चेष्टेचा विषय होता. तरुणपणी आबा पेठेच्या संघातून फायनल खेळले. एका गोलने पुढे होते. शेवटी शेवटी समोरच्यांना फ्री किक मिळाली. "भिंतीत मी हुतो. चेंडू तोंडावर आला आन् मी वाकलो. माझ्या डोस्क्यावरनं गोलात. मग फायनल गेलीच आमची. पेठंतली अजून मला बगून, चेंडू आल्यागत मान खाली घालत्यात. मजेनं घालत्यात, पर घालत्यात."

एवढं मी सांगितलं. मालक ऐकत होते. आबा थांबतील असं मला वाटलं. पण ते थांबले नाहीत.

"आन् हिची आई दवाखान्यात हुती तवा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर म्हटला, आत जाऊन बसा तिच्यापाशी, आता येळ झाली. मी दारापातुर गेलो. काचंतनं बघितलं. तोंडात नळी, नाकात नळी. हात बांधल्याले. आन् मी मागं फिरलो. जिन्यात जाऊन बसलो. ती एकलीच गेली. तितंबी वाकलो मी. सांग त्यास्नी."

मी त्यावेळी विमानात होते. आबा तिच्याजवळ होते, एवढाच मला आधार होता. एवढ्या महिन्यांत त्यांनी यातलं अक्षर कुणाला सांगितलं नव्हतं. मला माझ्या वडिलांचा हात धरावासा वाटत होता, पण मालक माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते आणि आबा म्हणाले, "सांग की गं." मग मी ते सांगितलं. मी दारापर्यंत गेलो, मी काचेतून पाहिलं, मी मागे फिरलो. आबांच्या जागी उभं राहून, परक्या भाषेत, मी ते सगळं वाक्यावाक्याने बोलले. रडले नाही, कारण रडले असते तर व्याकरण गेलं असतं.

मालक आबांशेजारी पायरीवर बसले. डावा पाय त्यांनी समोर लांब केला. बराच वेळ बुटाकडे बघत राहिले.

"आल्झो," ते म्हणाले. "कोलेगेला, आपल्या ह्या गड्याला सांगा. मी सगळं आयुष्य भिंतीच्या समोर उभं राहून काढलं. भिंतीतली माणसं माझ्याइतकी कुणी बघितली नसतील. जे हलत नाहीत ते शूर असतात असं लोकांना वाटतं. त्यातले कितीतरी डोळे गच्च मिटून उभे असतात. त्यांना चेंडू दिसतच नाही, ते कशाला वाकतील? वाकतो तो, ज्याचे डोळे उघडे असतात. काय येतंय ते ज्याला दिसलेलं असतं." त्यांनी आबांकडे हात केला. "ह्यांनी काचेतून बघितलं ना? मग ह्यांनी सगळं बघितलं."

मी ते आबांना सांगितलं. आबांनी मफलरने तोंड पुसलं.

मालक पुढे म्हणाले, "माझं हे घर त्यांच्याच जिवावर झालंय, जे वाकले. म्हणून मी त्यांच्याशी हात मिळवतो. आणि माझं विचाराल तर माझा भाऊ तिकडे बसलाय आणि मी इथे डब्यांपुढे उभा आहे. मीही वाकलेलाच आहे."

हे मी मराठीत सांगून झाल्यावर आबांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट वळून बघितलं. "म्हंजे दोगंबी तसलंच," ते म्हणाले. गुडघ्यावर जोर देऊन उठले. "मग आता परत मारा म्हणावं. ह्या खेपेला न्हाई वाकत."

पुन्हा पिवळ्या आणि तपकिरी डब्याच्या मधे ते उभे राहिले. मी इतक्या जवळ होते की मला त्यांचे डोळे दिसत होते. ताठ उघडे. चेंडू आला, त्यांचे पांढरे केस हलले, मागे दार वाजलं. आबा जागचे हलले नाहीत. मान वळवूनही त्यांनी बघितलं नाही. समोर बघतच मला विचारलं,

"शिरला काय गं?"

भिंतीतल्या माणसाला गोल दिसत नाही, तो त्याच्या पाठीमागे होतो. कुणीतरी सांगावा लागतो.

"शिरला, आबा," मी म्हटलं.

मालक आले. काळ्या डब्याला थोपटलं, निळ्याला थोपटलं, पिवळ्याला थोपटलं, मग आबांच्या खांद्यावर थोपटलं, मग तपकिरी डब्याला. आणि हात पुढे केला. या वेळी आबांनी तो घेतला. जिना चढताना म्हणाले, "पोहं थंड झालं असतील. असूदे, वाढ." आणि दोन बशा खाल्ल्या.

त्यानंतरचे त्यांचे दिवस कसे गेले ते सांगत बसले तर संपायचं नाही. खुर्ची खिडकीतून अंगणात गेली. दोघांना एकमेकांची भाषा शेवटपर्यंत आली नाही आणि त्यावाचून काही अडलं नाही. मालकांनी बीटचं लाल सूप करून पाठवलं, ते आबांनी चाखलं आणि निकाल दिला, "तांबडा रस्सा हाय, फकस्त तिखट घालायचं इसरलाय बाबा." मग एकदा त्यांनी स्वतः तांबडा रस्सा करून मालकांना घातला. मालकांचे डोळे वाहत होते आणि ते "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, असं म्हणत वाटी पुढे करत होते. भावाचा फोन लागला नाही त्या दिवशी आबा त्यांच्या पायरीवर नुसते जाऊन बसायचे. फोन लागला की डबे मधे ओढायचे. रविवारी बिनचेंडूची फ्री किक व्हायची आणि आबा तिलाही भिंतीत उभे राहायचे. पहिल्या रविवारी मला म्हणाले होते, "येडा हाय गं ह्यो." पण हात पोटाखाली बांधूनच म्हणाले होते.

व्हिसा संपला, आबा परत गेले. त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला, "डबा धुऊन परत येतो हं आता." संध्याकाळी ते पुन्हा कट्ट्यावर जायला लागले. कुणी जुना सवंगडी त्यांना बघून मान खाली घालायला लागला, की ते म्हणायचे, "डोळं उगडं हुतं माजं. तुजं हुतं का ते सांग."

मालक गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी गेले. आजार थोडक्या दिवसांचा होता. त्यांची मुलगी लांब उत्तरेला असते, ती यायच्या आधी दवाखान्यातून आम्हाला निरोप आला. मी दारापर्यंत गेले. तिथेही दाराला काच होती, आणि आत नळ्या होत्या. मी बाहेर उभी राहून आबांना फोन लावला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "काचंतनं बघू नगंस. आत जा, बाळ. बस त्यांच्यापाशी. माज्या वाटंचंबी बस." मी आत गेले. त्यांनी डोळे उघडून मला ओळखलं. बोलवत नव्हतं त्यांना. बाजूच्या टेबलावर पाण्याचा कप होता, तो मी फिरवून त्याचा कान त्यांच्याकडे केला. त्यांच्या ओठाची कड हलली. मुलगी येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले. हे मला जमलं, ते माझ्या वडिलांमुळे आणि माझ्या वडिलांना या माणसामुळे. हे ऋण कुणाला परत करायचं ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

अंत्यसंस्कारानंतर कचऱ्याची गाडी आली आणि गेली. रिकामे डबे रस्त्यावर होते. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर अंगणाच्या मधोमध काळा, निळा, पिवळा, तपकिरी असे ते ओळीत उभे होते. मी समीरला विचारलं, तर त्याने हात लावला नव्हता. शेजारच्या आजी कुंपणापलीकडे पानं गोळा करत होत्या. त्या वर न बघताच म्हणाल्या, "तिथेच असतात ना ते?"

रविवारी आबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फिरवून त्यांना ती भिंत दाखवली. त्यांनी चारही डबे नीट बघून घेतले. मग म्हणाले, "आज ऐतवार न्हवं?"

"हो."

"मग आवाज चालायचा न्हाई." ते उठले, फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि मागे सरकले. कोल्हापुरातल्या आमच्या त्या बाहेरच्या खोलीत, आईच्या फोटोखाली, माझे वडील दोन्ही हात पोटाखाली बांधून उभे राहिले. "चल, मार तू," म्हणाले.

मी माझा फोन पिवळ्या आणि तपकिरी डब्याच्या फटीत, झाकणाला टेकवून उभा केला. फाटकापाशी गेले. नसलेला चेंडू ठेवला, त्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं. चार पावलं मागे. मी जन्मात कधी डाव्या पायाने काही मारलेलं नाही. समीर जिन्यात उभा होता, तो हसला नाही. मी धावत गेले आणि मारला.

फोनच्या एवढ्याशा पडद्यात आबा डोळे ताठ उघडे ठेवून समोर बघत होते. वाकले नाहीत. मान वळवली नाही.

"शिरला काय गं?"

मी गॅरेजच्या दाराकडे बघितलं. वरच्या कोपऱ्यात, मालकांचा चेंडू आदळून आदळून रंग उडालेला एक ठिपका.

"शिरला, आबा."